कढईला दोन कान असतात

नोटीस आली तो शनिवार होता. पोस्टमनने दारातच सही घेतली, रजिस्टर एडी, चिपळूणच्या वकिलांचं पाकीट, आणि मी ते उभ्या उभ्या वाचत असताना आत कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. माझे अशील यांनी वडिलांचा अखेरपर्यंत सांभाळ केला असून वगैरे वगैरे, आणि त्या सगळ्यात माझा उल्लेख 'आपण' असा. म्हणजे ज्या माणसाने मला पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं आणि पोहायला शिकवलं तो दादा मला आता वकिलामार्फत आपण म्हणत होता.

भानगड काय तर साडेतीन गुंठे जागा, त्यावर बाबांचं कौलारू घर, मागे दोन फणस आणि एक रातांबा. बाबा २०१९ मध्ये गेले, वारस नोंद दोघांच्या नावाने झाली, आणि वर्षश्राद्धाच्या आधीच दादा म्हणाला की तू हक्कसोडपत्र करून दे, तू तिकडे बदलापूरला, घर बघतो मी. मी म्हटलं बघ की, पण नाव का कमी करू? मग तो काहीतरी बोलला, मी काहीतरी बोललो, दोन्ही घरच्या बायकांनी आपापलं बोलून घेतलं, आणि तिथून पुढे तीन वर्षं फोनसुद्धा बंद. गणपतीलाही गेलो नाही. आणि मग ही नोटीस, २०२२ ची.

झोप उडाली ती तेव्हा. रात्री दोन-अडीचला मी मनातल्या मनात दादाशी भांडायचो, आणि गंमत म्हणजे त्या भांडणात दोघांचेही डायलॉग मीच म्हणायचो तरी प्रत्येक वेळी हरायचो. मग मोबाईल. आणि मोबाईलवर ते रील्स, तुम्ही पण बघितले असतील, पांढऱ्या दगडाचा दाढीवाला पुतळा, मागे पाऊस, आणि जाड्या आवाजात कोणीतरी इंग्रजीत सांगतंय की कोणाकडून अपेक्षा ठेवू नका, कोणाची गरजच ठेवू नका, खाली नाव मार्कस ऑरेलियस, जुन्या रोमचा बादशहा. भावाशी भांडलेल्या माणसाला असलं लय आवडतं हो. मी धडाधड सेव्ह करत सुटलो. आपण एकटे पडलोय असं नाही, आपण स्टोइक आहोत, म्हणजे सुखदुःखात मन ढळू न देणाऱ्या त्या जुन्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांच्या पंथातले, असं वाटायचं.

नंतर मूळ पुस्तकं वाचल्यावर कळलं की या रील्सएवढी फसवणूक दुसरी नाही. मूळ पुस्तकं माणसांनी गच्च भरलेली आहेत, आणि मला तर त्यात जिकडे तिकडे भाऊच दिसायला लागले. पण ते नंतर.

पहिलं पुस्तक फोर्टात मिळालं. ऑफिसच्या कामाला बँकेत गेलो होतो, येताना फाउंटनपासून चर्चगेटकडे चालत निघालो तर फूटपाथवर जुनी पुस्तकं, त्यात एपिक्टेटस, हाही स्टोइकच. नाव रील्समुळे माहीत. दोनशे सांगितले, एकशे वीसला दिलं. मी अकाउंट्सचा माणूस, कॉलेजनंतर इंग्रजी वाचलं ते सगळं जीएसटीचं, त्यामुळे भीती होती. पण हे पुस्तक निघालं अगदी क्लासमधल्या सरांच्या नोट्ससारखं, आणि आहेतच त्या नोट्स. या माणसाने स्वतः एक ओळ लिहिली नाही, अ‍ॅरियन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांचं बोलणं उतरवून घेतलं, आठ भाग होते, त्यातले चारच आज शिल्लक आहेत. शिवाय एक छोटी पुस्तिका, त्याच बोलण्यातून काढलेली, त्रेपन्न तुकड्यांची, गाईडसारखी. एपिक्टेटस जन्माला आला इसवी सन ५० च्या आसपास, आजच्या तुर्कस्तानात जिथे पामुक्कलेचे ते पांढरे झरे आहेत तिथे, आणि तो गुलाम होता. पायाने अधू. मालक एपाफ्रोडिटस, नीरो बादशहाच्या दरबारातला मोठा अधिकारी, आणि हा मालकही आधी गुलामच होता. पुढे सुटका झाली, रोममध्ये शिकवायला लागला, तर डोमिशियन बादशहाने सगळ्याच तत्त्वज्ञांना हाकलून लावलं, मग ग्रीसमध्ये निकोपोलिसला जाऊन शाळा काढली. असा माणूस जेव्हा सांगतो की काही गोष्टी आपल्या हातात असतात आणि काही नसतात, तेव्हा ऐकावं लागतं. एसी ऑफिसातला ट्रेनर सांगत नाहीये.

मी वाचायचो लोकलमध्ये. बदलापूर ते ठाणे, आणि मग ट्रान्सहार्बरने ऐरोली. पहिल्याच आठवड्यात त्या पुस्तिकेतला चौथा तुकडा भेटला आणि मी गर्दीत एकटाच हसलो. तो म्हणतो अंघोळीला निघालास ना, मग आधी डोळ्यासमोर आण की सार्वजनिक हमामात काय काय होतं. कोणी पाणी उडवतं, कोणी ढकलतं, कोणी शिव्या देतं, कोणी कपडे चोरतं. आणि निघतानाच स्वतःला सांग की मला अंघोळ तर करायचीच आहे पण मन पण ठिकाणावर ठेवायचंय. आता यात हमामाच्या जागी ७:५२ ची फास्ट टाका, बाकी एक शब्द बदलावा लागत नाही. मी खरंच करून बघितलं, घरून निघताना चपला घालता घालता म्हणायचो, मला ठाण्याला पोचायचंय आणि डोकंही जागेवर ठेवायचंय. दहातले चार दिवस जमायचं. उरलेले सहा दिवस कल्याणला कोणीतरी पाठीवरच्या सॅकसकट घुसायचा.

तर असं बरं चाललं होतं, आणि मग आला मोठ्या पुस्तकाच्या पहिल्या भागातला पंधरावा पाठ. एक माणूस एपिक्टेटसकडे येतो आणि विचारतो, माझा भाऊ माझ्यावर रागावलाय, त्याचा राग कसा घालवू? मी डोंबिवलीच्या पुढे होतो, एका हाताने वरची कडी, एका हातात पुस्तक, आणि अंगावर काटा आला, म्हटलं चला, दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी माझाच प्रश्न विचारून ठेवलाय. उत्तर काय, तर त्याला माझ्याकडे घेऊन ये, मी त्याच्याशी बोलतो, पण त्याच्या रागाबद्दल तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. बस्स. सुताराचं सामान लाकूड, तसं जगण्याच्या कलेचं सामान म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं आयुष्य. भावाचं आयुष्य हे भावाच्या कलेचं सामान, तुझ्यासाठी ती बाहेरची वस्तू, जशी जमीन, जशी तब्येत, जसं लोकांतलं नाव.

जमीन! नेमकी जमीनच.

मला राग आला. खरंच आला. टेक्निक मागायला गेलेल्या माणसाला हा म्हणतो भावाला घेऊन ये. पुस्तक सॅकमध्ये टाकलं ते आठवडाभर काढलं नाही, कानात गाणी लावून गेलो-आलो. मग एकदा दिव्याजवळ सिग्नलला गाडी पाऊण तास उभी राहिली, मोबाईलची बॅटरी संपलेली, म्हणून परत उघडलं तर त्याच पाठाचा शेवट राहिला होता वाचायचा. तो माणूस परत विचारतो, बरं, भाऊ समेट करायला तयार नसला तरी माझं मन शांत कसं राहील? एपिक्टेटस म्हणतो, मोठी गोष्ट एकदम होत नाही, द्राक्ष नाही की अंजीर नाही. तू आत्ताच्या आत्ता अंजीर माग, मी सांगेन वेळ लागेल. आधी मोहर येऊ दे, मग फळ धरू दे, मग पिकू दे. अंजिराचं फळ एका तासात होत नाही आणि माणसाच्या मनाचं फळ तुला इतक्या लवकर पाहिजे?

आता हे मला कोकणातल्या माणसाला सांगायला पाहिजे होतं का, आमच्याकडे फणस लावणारा आजोबा आणि खाणारा नातू. पण ऐकलं मी. परत वाचायला लागलो.

मधल्या काळात मी घरात असह्य झालो होतो हे पण सांगायला पाहिजे. नवीन मुसलमान जास्त नमाज पढतो म्हणतात तसं. गॅस संपला, 'आपल्या हातात नाही'. मुलाला बारावीच्या टेस्टला कमी मार्क पडले, 'मार्क ही बाहेरची वस्तू आहे'. एकदा स्वयंपाकघराच्या दारात टेकून बायकोला आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे समजावत होतो तर ती म्हणाली, अहो, तुमच्या त्या गुलामाला सांगा आपल्या हातात लसूण आहे, तो सोला.

आणि एक तुकडा तर मी तिला वाचून दाखवायलाच नको होता. तिसरा. त्यात म्हटलंय की तुझी आवडती सुरई असेल तर स्वतःला सांग ही सुरई आहे, म्हणजे फुटली तर त्रास होणार नाही, आणि आपल्या मुलाचा किंवा बायकोचा पापा घेताना सांग की मी एका मर्त्य माणसाचा पापा घेतोय, म्हणजे ते मेलं तर तू कोलमडणार नाहीस. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे असलं परत घरात वाचायचं नाही. मला पण ते आजतागायत पटलेलं नाही. त्या काळात लेकरं पटापट जायची, मार्कस ऑरेलियसला निदान चौदा तरी मुलं झाली आणि त्यातली बरीच लहानपणीच गेली, तेव्हा ही वाक्यं कशातून आली ते कळतं. कळतं, पण सुरई आणि मूल एका ओळीत बसवणारा माणूस त्या पानावर तरी माझा गुरू नाही. सगळंच पटलं पाहिजे असा काही नियम नाही, ही पोथी थोडीच आहे.

माझी बोलती बंद केली ती त्याच पुस्तिकेतल्या मेंढ्यांनी. शेहेचाळिसावा तुकडा. मेंढ्या काही चारा ओकून धनगराला दाखवत नाहीत की बघ आम्ही किती खाल्लं, त्या चारा पोटात जिरवतात आणि बाहेर लोकर आणि दूध देतात. तूही सिद्धांत बोलून दाखवू नकोस, जिरल्यावर जे होतं ते दिसू दे. ऐरोलीला उतरलो आणि तिथल्या तिथे ते सगळे सेव्ह केलेले रील्स डिलीट मारले.

आता कढई. त्रेचाळिसाव्या तुकड्यात त्याने म्हटलंय की प्रत्येक गोष्टीला दोन हॅंडल असतात, एकाला धरून ती उचलता येते, दुसऱ्याला धरून नाही. हे इंग्रजीत वाचून मला काहीच झालं नव्हतं, हॅंडल म्हटल्यावर डोळ्यासमोर सायकल येते. एका रविवारी बायको पुऱ्या तळत होती, तळून झाल्यावर मला म्हणाली तेवढी कढई उतरवून ओट्यावर ठेवा, आणि मी पकडीने डावा कान धरणार तेवढ्यात ओरडली, तो नको, तो ढिला झालाय, रिबीट निघालंय त्याचं, तेल सांडेल अंगावर. मी गपकन दुसरा कान धरला, खालून फडक्याचा आधार दिला, कढई उतरवली. आणि उभाच राहिलो. म्हणजे हॅंडल नव्हे हो, कान! भाऊ तुझ्यावर अन्याय करतो तेव्हा 'तो अन्याय करतोय' या कानाला धरून ते उचलायला जाऊ नकोस, त्या कानाने ते उचललं जातच नाही. दुसरा कान धर, की तो तुझा भाऊ आहे, तुझ्याबरोबर वाढलाय. आणि मी तीन वर्षं तोच रिबीट निघालेला कान धरून बसलो होतो, उकळतं तेल रोज रात्री अडीचला अंगावर घेत.

पण इथे लगेच हुरळून जाऊन हक्कसोडपत्राला सही केली असं काही झालं नाही. उलट मला या तुकड्याचा नंतर संशय यायला लागला. कारण 'भाऊच आहे ना तुझा, जाऊ दे' हे वाक्य आपल्याकडे कोणाला ऐकवतात ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या आत्याने असंच ऐकून सही केली होती, माहेर तुटायला नको म्हणून, आणि त्याबदल्यात तिला वर्षाला एक साडी आणि एक फणस. दुसरा कान धर म्हणणारे नेहमी ज्याचं जातंय त्यालाच सांगतात. हे डोक्यात घेऊन तो तुकडा मी परत दहा वेळा वाचला. त्यात सोडून दे कुठेही नाही. त्यात आहे ते उचल, वाहून ने. उचलणं म्हणजे हातात घेणंच की, टाकणं नाही. म्हणजे सही करायची का नाही हा प्रश्न तसाच राहतो, फक्त तो प्रश्न मी कोणाशी बोलतोय हे बदलतं. वकिलाच्या अशिलाशी की दादाशी.

मार्कस ऑरेलियस मी दुसऱ्या खेपेत वाचला. पहिल्या खेपेत नेटवर फुकट मिळालेलं जॉर्ज लाँगचं १८६२ चं भाषांतर घेतलं होतं, त्यातलं जुन्या इंग्रजीतलं दी-दाऊ बघून तिसऱ्या पानावर थांबलो. नंतर ग्रेगरी हेजचं घेतलं, साधं आजचं इंग्रजी आहे, कोणाला सुरुवात करायची असेल तर तेच घ्या. हा माणूस इसवी सन १६१ ते १८० रोमचा बादशहा, आणि ही त्याची खाजगी वही, लॅटिन सोडून ग्रीकमध्ये लिहिलेली, काही भाग तर लढाईच्या छावणीतला, डॅन्यूबच्या बाजूला. रील्सवाले दुसऱ्या भागापासून पुढचं उचलतात. पहिल्या भागात आदेश-उपदेश काहीच नाही, सतरा परिच्छेद आहेत आणि त्यात फक्त कोणाकडून काय मिळालं त्याची यादी. आजोबांकडून चांगला स्वभाव, आईकडून साधं राहणं, एका शिक्षकाकडून लावे झुंजवायचा नाद न करणं, रस्टिकस नावाच्या गुरूकडून एपिक्टेटसची पुस्तकं, त्याने स्वतःची प्रत वाचायला दिली. व्याकरणाच्या मास्तरांकडून काय शिकला माहीत आहे का, कोणी बोलताना चुकला तर त्याला तिथल्या तिथे टोकायचं नाही, बोलण्याच्या ओघात बरोबर शब्द वापरून दाखवायचा. फॅमिली ग्रुपवर न-ण काढत बसणाऱ्या आमच्या एका काकांना हे पाठवायची फार इच्छा झाली होती पण मेंढ्या आठवल्या.

आणि त्या यादीच्या शेवटी, देवांचे आभार मानताना, परत भाऊ. मला असा भाऊ दिला की ज्याच्या स्वभावामुळे मी स्वतःकडे नीट लक्ष द्यायला लागलो, आणि ज्याने मला मान आणि माया दिली, अशा अर्थाचं. हा भाऊ म्हणजे लुसियस व्हेरस, सख्खा नव्हे, दोघांनाही आधीच्या बादशहाने दत्तक घेतलेलं. या व्हेरसबद्दल जुन्या इतिहासात काय काय लिहिलंय, मेजवान्या, जुगार, रात्रभर जागरणं. 'ज्याच्या स्वभावामुळे मी स्वतःकडे लक्ष द्यायला लागलो' यात थोडा चिमटा आहे की काय असं मला वाटतं. पण १६१ साली म्हातारा बादशहा गेला तेव्हा सिनेट गादी एकट्या मार्कसला द्यायला तयार होती, आणि हा म्हणाला नाही, भाऊ पण पाहिजे. रोममध्ये बरोबरीच्या हक्काचे दोन बादशहा हे पहिल्यांदाच झालं. त्यात राजकारणही असेल, घराण्याचा आधीचा शब्दही होता, ते मान्य. पण मी महसुली डोक्याने विचार करतो. या माणसाने अख्खं रोमन साम्राज्य सातबाऱ्यावर सामाईक चढवलं, स्वतःहून, आणि ते व्हेरस १६९ मध्ये मरेपर्यंत सामाईकच राहिलं. आणि आमचे साडेतीन गुंठे.

म्हटलं आपण पण यादी करू. मुलाची दहावीची अर्धी कोरी वही होती ती घेतली. आईकडून, बाबांकडून, शाळेतल्या सरांकडून, पहिल्या नोकरीतल्या साहेबांकडून, बायकोकडून, सगळं झालं. दादाकडून, असं लिहिलं, आणि पुढे दोन दिवस कोरं. खोडायचं म्हटलं तरी खोडवेना. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन लिहिलं, पोहणं. मग सायकल. मग साप दिसला तर पळायचं नाही, जागेवर थांबायचं. मग त्याने बारावीनंतर शिक्षण सोडून टेम्पो धरला आणि त्या पैशात माझी मुंबईची बीकॉमची पहिली दोन वर्षं झाली, हे लिहिताना पेन जरा अडखळलं कारण हे मी कित्येक वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही अर्धवटच माहीत होतं. आणि मग शेवटची ओळ आली, बाबांच्या आजारपणात दोन वर्षं त्यांचं अंथरूण, त्यांचं धोतर, सगळं दादाने केलं आणि एकदाही मला फोन करून ऐकवलं नाही.

लिहून झाल्यावर बघितलं तर हेच नोटिशीतलं पहिलं वाक्य होतं. माझे अशील यांनी वडिलांचा अखेरपर्यंत सांभाळ केला असून. त्याच्या वकिलाने लिहिलं तेव्हा खोटारडेपणा वाटला होता, आता माझ्याच अक्षरात.

सेनेकाचं सांगतो थोडक्यात, हाही रोमचा स्टोइक. रागावर त्याचं तीन भागांचं पुस्तक आहे आणि ते लिहिलंय कोणाला, तर थोरल्या भावाला, नोव्हेटसला. तुम्हाला म्हटलं ना, जिकडे तिकडे भाऊ. सेनेका माणूस म्हणून मला जरा जडच जातो, गरिबीचे गोडवे गायचे आणि स्वतः रोमच्या बड्या धनाढ्यांपैकी एक, त्यात नीरोचा मास्तर, आणि शेवटी ६५ साली त्याच नीरोच्या हुकमाने जीव द्यावा लागला. पण त्या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात एक जागा आहे ती सोन्यासारखी आहे. रात्री दिवा नेला की आणि माझी सवय माहीत असलेली बायको गप्प झाली की मी सगळा दिवस तपासतो, काय बोललो, काय केलं, स्वतःपासून काही लपवत नाही. आणि सापडलेल्या चुकीला म्हणतो, यावेळी माफ केलं, परत करू नकोस. हे मी रोज करायला लागलो, दहा मिनिटं, लाईट घालवून. बायको सेनेकाच्या बायकोएवढी गप्प राहायची नाही, झोपा आता, भिंतीकडे काय बघताय. पण रात्रीचं भांडण बंद झालं ते या दहा मिनिटांनी. कारण त्या तपासणीत दादा येतच नाही, फक्त मी येतो, आणि माझ्यातच इतकं निघायचं की अडीचपर्यंत पुरत नसे, मध्येच झोप लागायची.

बाकी वाचन असंच तसंच. प्लेटोचं रिपब्लिक अर्धवट आहे. अ‍ॅरिस्टॉटलचं नीतीवरचं पुस्तक जड गेलं, पण त्यात मैत्रीवर दोन अख्खे भाग आहेत, आठवा आणि नववा, आणि त्यात तो एक म्हण सांगतो की पुरेसं मीठ एकत्र खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. इसवी सनाच्या आधी सव्वातीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीचा माणूस, आणि म्हण आपली वाटते.

कामाला आला तो प्लुटार्क. भावाभावांच्या प्रेमावर त्याचा अख्खा निबंध आहे हे मला एका तळटीपेत कळलं. हा ग्रीसमधल्या कैरोनिया गावचा, फिरून आला तरी गावातच राहिलेला माणूस, त्याला स्वतःला भाऊ होते आणि त्यातल्या टिमॉनवर तर भारी जीव. त्या निबंधात वाटणीवर आहे, वडिलांच्या इस्टेटीच्या वाटणीवर! त्यात दोन भावांची गोष्ट आहे, खारिक्लीझ आणि अँटिओकस, ओपस गावचे. यांनी वाटणी करताना चांदीचा पेला मधोमध कापला आणि झगा फाडून अर्धा अर्धा घेतला. मी हे वाचून हसलो आणि मग हसू जिरलं, कारण पहिल्या भांडणात मी दादाला म्हणालो होतो की घर राहू दे, बाबांचं तांब्याचं घंगाळ तरी मला दे. बदलापूरला वन बीएचकेत, जिथे बाथरूममध्ये बादली आणि मी मावत नाही एका वेळी. मला घंगाळ नकोच होतं. त्याच्याकडे राहू नये एवढंच पाहिजे होतं.

प्लुटार्क पुढे म्हणतो की वाटणी करताना भावांनी असं समजावं की आपण देखभाल आणि कारभार वाटून घेतोय, वापर आणि मालकी सगळ्यांची मिळून एकच आहे. हे वाचून माझ्यातला अकाउंटंट जागा झाला. कारण हे भावनिक नाहीये, ही स्कीम आहे. नाव कमी करायचं नाही, पण खर्च आणि काम वाटून घ्यायचं. तीन वर्षांत मी त्या घराच्या कौलांसाठी एक रुपया पाठवला नव्हता आणि नाव मात्र सोडत नव्हतो, हे त्या रात्रीच्या दहा मिनिटांत निघालं.

फोन केला तो एप्रिलमध्ये. दोन रिंगमध्ये उचलला.

"बोल."

"फणस लागलेत का?"

"लागलेत." मग बराच वेळ काही नाही, मागे वहिनींचा आवाज, कोण आहे विचारत असाव्यात. "खालच्याला जास्त आहेत यंदा."

"शाकारणी झाली का?"

"कोण करणार? माणूस साताठशे मागतो दिवसाचे."

"मी येतो मे मध्ये. अर्धे मी देतो."

"ये," म्हणाला आणि ठेवला. एक मिनिट चाळीस सेकंद. मोबाईलवर बघितलं म्हणून माहीत.

मे मध्ये गेलो. वहिनी फार बोलल्या नाहीत, अजूनही बोलत नाहीत, पण चहात आलं होतं. हक्कसोडपत्र झालेलं नाही, कोर्टात कोणी गेलेलं नाही, सातबारा सामाईक आहे. वकिलांना दादाने पुढे काही कळवलं की नाही मी विचारलं नाही. चार दिवस दोन गडी आणि आम्ही दोघं, कौलं उतरवली, फुटकी बाजूला काढली, वासे दोन बदलले, परत चढवली. दादा वर, मी खाली कौलं देणारा. घंगाळ मागच्या पडवीत होतं, त्यात कोंबडीने अंडी घातलेली. त्याने मला सॅकमधलं पुस्तक काढायला लावलं, हे काय वाचतोस म्हणून, मी एपिक्टेटसचं थोडं सांगितलं, गुलाम होता वगैरे. त्याने विचारलं, "आणि मालक कोण?" म्हटलं तो पण आधी गुलामच होता. "मग भाऊबंदच की," दादा म्हणाला आणि बिडी पेटवली.

शेवटच्या दिवशी त्याने शाकारणीचा हिशेब मांडला, बिस्किटाच्या पुड्याचा कागद सुलटा करून त्यावर. मजुरी, कौलं, वासे, खिळे, चहा-बिडी, सगळं बरोबर, मी बेरीज तपासली. आणि सगळ्यात खाली एक ओळ, वकील फी २५००, भागिले दोन. मी वर बघितलं तर तो फणस कापायला विळीला आणि हाताला खोबरेल चोळत होता, चेहरा एकदम सरळ. मी काही बोललो नाही, सगळ्याची बेरीज केली आणि जीपे करायला घेतलं. घरात रेंज येत नाही, त्यासाठी विहिरीपर्यंत जावं लागलं.